दुरुस्तीच्या परीक्षेला बिघडलेले यंत्र हवे

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

कौशल्य प्रशिक्षणाचा विषय निघाला की चर्चा बहुधा जागा किती, प्रवेश किती आणि नोकऱ्या किती जणांना लागल्या या आकड्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. शेतीयंत्रे व डिझेल इंजिने दुरुस्त करण्याच्या अभ्यासक्रमांत नेमके काय शिकवले जाते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परीक्षेत काय करून दाखवायला सांगितले जाते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. हा विषय शिकवण्यात नोकरीचा बहुतेक काळ गेल्यामुळे एका मुद्द्यापुरते लिहिण्याची परवानगी घेतो. दुरुस्तीची प्रात्यक्षिक परीक्षा आपण सहसा अशा यंत्रावर घेतो की ज्यात बिघाडच नसतो. ही पद्धत जोवर चालू आहे तोवर या वर्गांतून खोलणारे आणि जोडणारे हात तयार होत राहतील. बिघाड ओळखणारा कारागीर मात्र योगायोगानेच तयार होईल.

परीक्षेचे नेहमीचे स्वरूप या क्षेत्रातल्या कोणालाही ठाऊक आहे. स्टँडवर बसवलेले एखादे जुने इंजिन असते. त्याचे हेड उतरवायचे, पिस्टन काढायचे, रिंगांच्या टोकांमधले अंतर फीलर गेजने मोजायचे, लायनरची झीज बोअर गेजने पाहायची, पुन्हा जोडणी करायची आणि टॅपेट लावून दाखवायचे. त्या इंजिनाने वर्षानुवर्षे डिझेलची चव घेतलेली नसते आणि शेकडो वेळा खोलून त्याचे बोल्ट इतके सैल झालेले असतात की ते हातानेही फिरतात. विद्यार्थी जोडणी बिनचूक करतो, परीक्षक गुण देतो आणि इंजिन पुढच्या विद्यार्थ्यासाठी पुन्हा खोलले जाते. ते सुरू करून कोणी पाहत नाही, कारण ते सुरू व्हावे अशी अपेक्षाच नसते.

खोलणे-जोडणे हे कौशल्य कमी महत्त्वाचे आहे, असे मला म्हणायचे नाही. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, ठरलेल्या क्रमाने आणि दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानेच आवळले पाहिजेत. तसे न केल्यास गॅस्केट महिनाभरात फुंकते, आणि हे अंगवळणी पडायला सराव लागतो. पण शेतात उभे राहिलेले यंत्र दुरुस्त करायला गेलेल्या माणसापुढचा पहिला प्रश्न पाना कसा धरावा हा नसतो, पाना कुठे लावावा हा असतो. आणि सर्वांत आधी तर पाना लावण्याची गरज आहे का, हे त्याला ठरवायचे असते.

एक अगदी साधे उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर सकाळी सुरू होतो, पाच-सात मिनिटे नीट चालतो, मग आवाज मंदावतो आणि बंद पडतो. फिल्टरजवळचा हातपंप मारून हवा काढली की पुन्हा चालतो, पुन्हा तसाच बंद पडतो. ज्याला फक्त भाग ओळखायला शिकवले आहे, त्याचे लक्ष थेट इंधन पंपाकडे जाते, कारण अभ्यासक्रमात सर्वांत जास्त पाने त्याच भागाला दिलेली असतात. पंप उतरतो, तपासणीला जातो, त्याचे बिल होते, परत बसवताना टायमिंगची खूण अर्धा दात इकडेतिकडे होते, आणि ट्रॅक्टर पुन्हा पाच-सात मिनिटांनी बंद पडतो. आता शिवाय काळा धूरही काढतो.

बिघाडाचे निदान करायला शिकलेला माणूस आधी टाकीचे झाकण सैल करून पाहील. झाकणातले हवेचे भोक बुजले असेल, तर डिझेल ओढले जाईल तसतसा टाकीत ताण निर्माण होतो आणि पुरवठा मंदावतो. झाकण सैल केल्यावर इंजिन चालत राहिले, तर दुरुस्ती एका सुईने होते. तसे नसेल, तर टाकी ते फीड पंप हा भाग संशयाचा. या भागात पंप डिझेल ओढत असतो, ढकलत नसतो. त्यामुळे इथल्या चिरेतून बऱ्याचदा डिझेल बाहेर येतच नाही, हवा आत जाते; बाहेरून सगळे कोरडे आणि ठणठणीत दिसते. तिथे पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग तांब्याचे वॉशर, नळीची टोके, गाळ साठण्याच्या वाटीखालचे रबर असे एकेक करत जायचे. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर. न खोलता होणारी आधी, खोलून होणारी सर्वांत शेवटी. हा क्रम ही या धंद्यातली खरी विद्या आहे, आणि आपल्या गुणपत्रिकेत तिच्यासाठी रकाना नाही.

हेच इंजिनाच्या कमी झालेल्या ताकदीबाबत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण पंधरा ते बावीस पट दाबली जाऊन इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. साहजिकच दाब टिकला नाही की सगळेच बिनसते. दाब कुठून निसटतो हे शोधण्यासाठी इंजिन खोलावे लागत नाही. त्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणून, चाक फिरणार नाही अशी व्यवस्था करून डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या जागेतून दाबाची हवा सोडायची आणि कान द्यायचा. एअर क्लीनरच्या बाजूने सूं असा आवाज आला तर आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा किंवा लायनर, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. एका कॉम्प्रेसरवर आणि एका जोडनळीवर होणारी ही चाचणी विद्यार्थ्याने स्वतः केली, स्वतःच्या कानांनी ऐकली, तर ती तो जन्मभर विसरत नाही. वर्गात मात्र ती ‘हवागळती चाचणीचे उपयोग लिहा’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाठ केली जाते.

विजेच्या बाबतीत तर परिस्थिती अधिकच वाईट आहे. स्टार्टर नुसता कट-कट करतो म्हटल्यावर नवी बॅटरी बसवली जाते, मग नवा स्टार्टर. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे स्टार्टरच्या अंगावर धरून चावी फिरवली, तर दोहोंमध्ये जवळजवळ शून्य व्होल्ट दिसायला हवेत. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर दोष अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूच्या जोडणीच्या, मार्गात आहे: चासीवर रंगाखाली गंजलेला बोल्ट, नाहीतर आतून कुजलेली पट्टी. पॉलिश पेपर आणि पाना एवढ्यावर काम भागते. प्रशिक्षण संस्थांत मल्टिमीटर असतात; माझ्या पाहण्यात ते बहुधा कपाटात असतात, कारण डेड स्टॉकच्या (संस्थेच्या कायम मालमत्तेच्या) नोंदवहीतली वस्तू बिघडली तर उत्तर कोण देणार, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या शिक्षणापेक्षा मोठा ठरतो.

जुन्या यंत्रांवर निदानाची ही उणीव निभावून जात असे. दहा वर्षे उस्तादाच्या हाताखाली राहिलेला मुलगा आवाजावरून, धुरावरून आणि वासावरून पुष्कळ काही शिकत असे. आता ते पुरत नाही, आणि क्वचित घातकही ठरते. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 मध्ये जर्मनीत आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले. त्यानंतर बराच काळ इंधन फवारण्याचे काम यांत्रिक पंपाकडेच राहिले. एखादा सिलिंडर ‘मिस’ करत असेल, तर चालू इंजिनावर एकेका नोझलचा जाड नळीचा नट सैल करायचा आणि कोणत्या नळीला इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही ते पाहायचे, हा सर्वमान्य मार्ग होता. 1997 पासून मोटारींत आणि पुढे ट्रॅक्टर व शेतीयंत्रांत कॉमन रेल पद्धत आली, म्हणजे ‘रेल’ नावाच्या एकाच सामायिक नळीतून सर्व इंजेक्टरांना (डिझेल फवारणाऱ्या भागांना) इंधन पुरवणारी पद्धत. तिच्या नळीतला दाब दीड-दोन हजार बारपर्यंत, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण तितक्या पट, जातो. तिथे तीच जुनी युक्ती चालू इंजिनावर केली, तर सुईच्या अग्राएवढी डिझेलची धार हातमोज्यासकट कातडीतून आत शिरते. बाहेरून जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि तरीही ती तातडीच्या शस्त्रक्रियेची दुखापत असते. उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. उस्तादाने शिकवलेली आणि एके काळी अगदी योग्य असलेली गोष्ट आज अपघाताचे कारण होऊ शकते, हे सांगण्याची जबाबदारी औपचारिक प्रशिक्षणाशिवाय दुसरे कोण घेणार?

अशा इंजिनांवर निदानाच्या वेगळ्या रीती आहेत आणि त्या सगळ्याच महाग नाहीत. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला सारख्या मापाची बाटली लावून इंजिन ठराविक वेळ चालवले, तर ज्याची बाटली इतरांपेक्षा बरीच लवकर भरते तो इंजेक्टर आतून झिजलेला, हे सहज कळते. संगणकाला जोडून दोषांक (यंत्राने स्वतः नोंदवलेले बिघाडाचे सांकेतिक क्रमांक) वाचणे आता सर्वांना ठाऊक झाले आहे, पण ते वाचणे म्हणजे निदान झाले, ही समजूत फार पसरली आहे. ‘रेलमधला दाब कमी’ असा दोषांक आला, तर त्यामागे चोंदलेला फिल्टर, आत गेलेली हवा, थकलेला पंप, उघडा राहिलेला दाबनियंत्रक व्हॉल्व्ह, गळका इंजेक्टर किंवा नुसता खोटे बोलणारा सेन्सर यांपैकी काहीही असू शकते. संगणक तक्रार नोंदवतो; चौकशी माणसालाच करावी लागते. दोषांक पाहून भाग बदलत सुटणारा तंत्रज्ञ आणि धूर पाहून पंप उतरवणारा मिस्त्री यांच्यात मला तरी गुणात्मक फरक दिसत नाही, बिलाच्या रकमेत मात्र दिसतो.

स्वच्छतेचा मुद्दाही निदानाशीच निगडित आहे. इंधन पंप आणि इंजेक्टर यांच्या फिरत्या-सरकत्या भागांतली फट दोन-चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे ओरखडा काढतो. तरीही अनेक कार्यशाळांत इंजेक्टर उघडण्याचे टेबल ग्राइंडरच्या शेजारी असते आणि उघड्या नळ्यांच्या तोंडांना टोपणाऐवजी चिंधी कोंबलेली असते. विद्यार्थी जे पाहतो तेच शिकतो, आणि पुढे त्याने दुरुस्त केलेला इंजेक्टर काही दिवसांत पुन्हा का बिघडला याचे उत्तर त्याला कधीच सापडत नाही.

डिझेल इंजिनावर मी बरेच लिहिले, कारण प्रशिक्षणही तिथेच अडकून पडले आहे. शेतीयंत्रांची दुरुस्ती म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची दुरुस्ती असे समीकरण होऊन बसले आहे. फवारणी यंत्राचे इंजिन उत्तम चालत असेल पण एकेका नोझलमधून मिनिटाला किती द्रव पडतो हे कोणी मोजलेच नसेल, तर अर्ध्या पिकावर औषध जास्त आणि अर्ध्यावर कमी पडते. मापाचे भांडे आणि घड्याळ घेऊन प्रत्येक नोझल तपासायचा आणि नव्याच्या तुलनेत दहा टक्क्यांहून जास्त सोडणारा बदलायचा, एवढीच ती दुरुस्ती. पेरणी यंत्राचे चाक उचलून ठराविक फेरे फिरवायचे, पडलेले बियाणे तोलायचे आणि हेक्टरी प्रमाण काढायचे, हे अंकगणित मिस्त्रीला आलेच पाहिजे. मळणीच्या यंत्रात दाणा फुटतो की कणसात राहतो, हे ड्रमचा वेग आणि जाळीची फट यांवर ठरते. तिथला ‘बिघाड’ कोणत्याही भागाचा नसतो, जुळणीचा असतो.

शिवाय ही यंत्रे वर्षातले थोडे आठवडे राबतात आणि बाकीचा काळ उभी असतात. चालून जेवढे बिघाड होतात, जवळजवळ तेवढेच उभे राहून होतात: टाकीच्या तळाशी पाणी साठते, रबरी सील कडक होतात, बेअरिंगला एकाच जागी गंज धरतो, उंदीर वायरिंग कुरतडतात. हंगामाआधीची तपासणी हा म्हणूनच स्वतंत्र विषय असायला हवा. कापणीच्या ऐन दिवसांत वाया गेलेला अर्धा दिवस आणि बिनहंगामी दिवसांतला अर्धा दिवस यांची किंमत सारखी नसते, हे ज्याला कळते त्याच्याकडेच लोक यंत्र नेतात.

आता उपायाचे. नवी इमारत, नवे यंत्रसंच, नवा अभ्यासक्रम यांची मागणी नेहमीच होते आणि ती चुकीची नाही. पण माझ्या मते सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक पाडणारी गोष्ट परीक्षा ही आहे, कारण संस्था जे तपासले जाते तेच शिकवतात. प्रात्यक्षिकाच्या एकूण गुणांपैकी किमान निम्मे गुण चालू पण मुद्दाम बिघडवलेल्या यंत्रावर असावेत. अर्थची पट्टी सैल करणे, फ्यूज जळका लावणे, टाकीच्या झाकणाचे भोक बुजवणे, परतीची नळी दाबून ठेवणे, एका व्हॉल्व्हची फट चुकीची लावणे, हायड्रॉलिकच्या लिंकेजमधली एक पिन बदलणे याला पैसे लागत नाहीत. विद्यार्थ्याला केवळ तक्रार सांगावी, जशी शेतकरी सांगतो तशी: ‘ओझे उचलत नाही’, ‘गरम झाल्यावर सुरू होत नाही’. त्याने आधी काय विचारले, कोणती तपासणी कोणत्या क्रमाने केली, प्रत्येक तपासणीतून काय निष्कर्ष काढला, हे त्याने कागदावर लिहावे आणि परीक्षकाने तेच तपासावे. कारण नसताना खोललेल्या प्रत्येक भागासाठी गुण कापावेत. बिघाड वेळेत सापडला नाही, पण शोधाचा मार्ग योग्य होता, तर बरेचसे गुण द्यावेत.

सुरक्षिततेचे गुणही याच कामात मिळावेत, वेगळ्या लेखी प्रश्नात नकोत. ट्रॅक्टरचा पीटीओ (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा) प्रमाण वेगाला मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात बाही अडकली तर हात काढून घ्यायला वेळच मिळत नाही. पीटीओ बंद करून, इंजिन थांबवून, चावी खिशात टाकूनच विद्यार्थी यंत्राजवळ गेला का? हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली शिरण्याआधी त्याने आधार लावला का? तेलाची गळती त्याने हाताने चाचपली की पुठ्ठा धरून पाहिली? या तीन गोष्टींपैकी एकही चुकली तर बाकीची परीक्षा कितीही चांगली गेली तरी त्याला अनुत्तीर्ण करावे, इतके कठोर मत माझे आहे आणि ते सौम्य करण्याची माझी तयारी नाही.

या सूचनेवर आक्षेप येतील, हे मला ठाऊक आहे. पहिला असा की, अशा परीक्षेत परीक्षकाच्या मर्जीला वाव राहील. तो आजच्या पद्धतीतही आहे. उलट प्रत्येक बिघाडासाठी अपेक्षित तपासण्यांचा तक्ता आधीच ठरवला, तर तो कमी होईल. दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो खरा आहे. एका विद्यार्थ्याला निदान करायला तासभर द्यावा लागेल आणि परीक्षा जास्त दिवस चालेल. पण जर्मनीत शेती व बांधकाम यंत्रांच्या तंत्रज्ञाचे प्रशिक्षण साडेतीन वर्षे चालते आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष कार्यशाळेत, खऱ्या गिऱ्हाइकाच्या खऱ्या बिघाडांवर जातो. आपण वर्ष-दोन वर्षांत तोच माणूस तयार करू पाहणार असू, तर किमान परीक्षेचे चार दिवस वाढवण्याची कुरकुर करू नये.

तिसरा आक्षेप कोणी उघडपणे घेणार नाही, म्हणून मीच मांडतो. असे बिघाड घालायचे तर ते निदेशकाला आधी स्वतःला शोधता आले पाहिजेत. अनेक निदेशक कार्यशाळेतून शिकवण्याकडे आले ते पुन्हा कार्यशाळेत गेलेच नाहीत. मधल्या काळात यंत्रे बदलली. हा त्यांचा दोष मानणे सोपे आहे, पण त्यांना दर दोन-तीन वर्षांनी महिना-दोन महिने चालत्या कार्यशाळेत, पगारी रजेवर आणि शिकाऊ म्हणून पाठवण्याची व्यवस्था जर कोणी केलीच नाही, तर त्यांनी शिकायचे कुठे? हंगामाच्या तोंडावर प्रत्येक कार्यशाळेला जास्तीचे हात हवेच असतात, त्यामुळे त्यांना घ्यायला कोणी नाही म्हणेल असे वाटत नाही.

आणखी एक अडचण मात्र संस्थांच्या हातात नाही. नव्या यंत्रांचे दुरुस्ती-ग्रंथ, वायरिंगचे नकाशे आणि निदानाचे सॉफ्टवेअर बहुधा उत्पादकांच्या अधिकृत विक्रेत्यांपुरते मर्यादित असते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये कायदा करून शेतीयंत्रांच्या उत्पादकांना ही साधने मालकांना आणि स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध करून देणे बंधनकारक केले, आणि तो 1 जानेवारी 2024 पासून लागू झाला. तेवढी मजल जिथे गाठता येत नाही, तिथे निदान मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांना तरी ही सामग्री शिकवण्यापुरती खुली करावी, यात उत्पादकांचे कोणते व्यापारी गुपित फुटणार आहे? त्यांच्याच यंत्रांना पुढे हात लावणारी ही मुले आहेत.

तोवर संस्थांनी थांबून राहण्याचे कारण नाही. येत्या परीक्षेत एका तुकडीपुरते, एका ट्रॅक्टरवर, तीन बिघाड घालून पाहावेत आणि निकाल जसा लागेल तसा जाहीर करावा. तो पहिल्या वर्षी फारच कमी लागेल. त्या आकड्यावरून संस्थेला किंवा निदेशकाला नोटीस दिली जाणार नाही, एवढे आश्वासन वरिष्ठ कार्यालयाने आधी लेखी द्यावे. नाहीतर बिघाड कोणता घातला आहे हे परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीच सर्वांना कळलेले असेल.

आपला,
एक सेवानिवृत्त शिल्पनिदेशक